पाल्प्याच्या डोंगरातील मंडळी : नेपाळच्या अल्पकालीन सेवादौऱ्यानंतरचे पहिले विचार

कुंडलिकाकाठ (जालना)

सर्वांना सलाम.

आमच्या जालना परिसरातील काही ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) तरुण संघांनी मिळून नेपाळमधील पाल्पा जिल्ह्यात एक अल्पकालीन सेवादौरा केला. परतल्यापासून दर रविवारी उपासना सुटली की कोणी ना कोणी विचारते, "तिकडे किती जणांना सुवार्ता सांगितली?" प्रश्न आपुलकीचा आहे, पण त्याचे उत्तर चर्चच्या पायरीवर उभे राहून देण्यासारखे नाही, आणि नेपाळच्या बाबतीत तो प्रश्नच वेगळ्या रीतीने विचारायला हवा असे माझे मत झाले आहे. म्हणून हा धागा काढत आहे.

प्रवासाविषयी थोडक्यात सांगते. मनमाडला गाडी बदलून गोरखपूर, तेथून बसने सोनौली, आणि सीमा पायी ओलांडून भैरहवा असा आमचा मार्ग होता. भारतीय नागरिकांना व्हिसा लागत नाही, आपल्या 100 रुपयांचे तेथे 160 रुपये होतात आणि घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे लागते. पाट्या देवनागरीत असल्यामुळे सुरुवातीला परदेशात आल्यासारखे वाटत नाही. बुटवल मागे पडून सिद्धार्थ राजमार्ग डोंगरात शिरला तेव्हा मात्र सपाट काळ्या रानात वाढलेली आमची मुले गप्प झाली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि पावसाळ्यात कोसळलेल्या दरडींचे ढिगारे अजून रस्त्याच्या कडेला तसेच पडलेले होते.

निघण्यापूर्वी आमच्या पाळकसाहेबांनी आम्हांला बसवून तेथील मंडळीचा इतिहास सांगितला होता, आणि तो ऐकला नसता तर आम्ही पाहिलेल्यातले निम्मे आम्हांला समजले नसते. 1951 मध्ये राणाशाही संपेपर्यंत नेपाळात ख्रिस्ती कार्याला वावच नव्हता. नेपाळी पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे मोठे काम करणारे गंगाप्रसाद प्रधान यांनी ते दार्जिलिंगमध्ये राहून केले, आणि 1914 साली आपल्या कुटुंबकबिल्यासह काठमांडूत राहायला गेले तेव्हा त्यांना परत पाठवण्यात आले. पुढे पक्ष्यांच्या अभ्यासासाठी पाल्प्यात गेलेल्या रॉबर्ट फ्लेमिंग यांच्या सोबतच्या डॉक्टरांकडे उपचारासाठी लोकांची रीघ लागली, आणि त्यातूनच दवाखान्याच्या परवानगीचा मार्ग मोकळा झाला. युनायटेड मिशन टू नेपाळ या संस्थेची स्थापना 1954 साली झाली, आणि ती झाली आपल्या नागपुरात, हे ऐकून आमच्या मुलांना फार आनंद झाला. या संस्थेने सरकारशी करार करताना धर्मप्रसार न करण्याची अट मान्य केली होती. दवाखाने, शाळा, पाणी, वीज अशी कामे परदेशी लोकांनी केली. मंडळी वाढवली ती नेपाळी विश्वासणाऱ्यांनी स्वतः, आणि त्यांतील कित्येकांनी त्यासाठी तुरुंगवास भोगला. 2011 च्या जनगणनेत तेथे 3,75,699 ख्रिस्ती लोकांची नोंद झाली, तर 2021 मध्ये ती 5,12,313 झाली.

हे सारे डोक्यात ठेवून आम्ही पाल्प्याचे मुख्य ठिकाण असलेल्या तानसेन शहराच्या पुढे एका गावातील मंडळीत पोहोचलो. (गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही.) तेथे उपासना शनिवारी असते, कारण नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारची असते. उपासनेची जागा म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांब खोली. बाहेर चपलांची रांग, आत जमिनीवर सतरंज्या, एका बाजूला बाया आणि दुसऱ्या बाजूला पुरुष. पुरुषांची बाजू जवळजवळ रिकामी होती. तरणीताठी माणसे आखातात, मलेशियात किंवा भारतात कामाला गेलेली आहेत, असे आम्हांला सांगण्यात आले. ऊसतोडीच्या हंगामात बीड जिल्ह्यातील गावे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. मात्र बीडची माणसे सहा महिन्यांनी परततात, तेथील कित्येक घरांत बापाचे तोंड वर्षानुवर्षे फक्त मोबाइलवर दिसते. त्यामुळे मंडळीचा सगळा कारभार बायका पाहतात. प्रार्थना त्या चालवतात, आजाऱ्यांच्या घरी त्या जातात, अर्पणाचा हिशोब त्या लिहितात. अर्पणाच्या वेळी प्रत्येक घरातून आणलेले मूठमूठ तांदूळ एका मोठ्या पितळी भांड्यात ओतले गेले. रोज स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ बाजूला काढून ठेवायची आणि शनिवारी आणायची, अशी त्यांची रीत आहे. त्या तांदळावर पाळकाचे घर चालते आणि गावातील एका म्हाताऱ्या जोडप्याचेही, जे ख्रिस्ती नाही.

आमच्याकडून त्यांनी दोन गोष्टी मागितल्या होत्या. एक म्हणजे खोलीच्या मागच्या बाजूला दरड अडवणारी भिंत घालण्यास हातभार, आणि दुसरी म्हणजे मुलांच्या शब्बाथ शाळेच्या शिक्षिकांना काही दिवस शिकवणे. भिंत म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरून रचलेली भिंत. दगड खालच्या ओढ्यातून वर आणायचे होते. तेथे ओझे पाठीवरच्या बांबूच्या टोपलीत घेतात, तिला डोको म्हणतात, आणि डोकोचा पट्टा, म्हणजे नाम्लो, कपाळावर घेऊन मान किंचित खाली घालून चढतात. एका पन्नाशीच्या बाईंनी माझ्या कपाळावर तो पट्टा दोनदा सरकवून नीट बसवला, माझ्या कोपराला धरून पहिल्या काही पायऱ्या चढवल्या, आणि मग स्वतः दुप्पट ओझे घेऊन पुढे गेल्या. दुपारपर्यंत आमच्या बहुतेक मुलांना त्यांनी वर थांबवले आणि दगड निवडून मोठे खाली, लहान वर असे लावण्याचे काम दिले. ते काम आम्हांला जमले आणि त्यांनाही पटले.

मला जे सांगायचे आहे ते असे की, मराठवाड्यातील आपल्या मंडळ्यांची घडण मिशनच्या आवारात झाली. बंगला, दवाखाना, शाळा, बोर्डिंग आणि मधोमध चर्च, या आवाराने आपल्या आजी-आजोबांना अक्षर दिले, औषध दिले, माणूस म्हणून उभे केले, आणि त्याबद्दल माझ्या मनात अपार कृतज्ञता आहे. पण आजही छप्पर गळू लागले की आपण "कोणीतरी पाठवील" म्हणून वाट पाहतो. पाल्प्यातील त्या मंडळीला वाट पाहण्यासाठी कोणी नव्हतेच. तेव्हा आपल्या तरुणांनी अशा दौऱ्यांवर जावे, जरूर जावे, परंतु बोलावल्याशिवाय जाऊ नये, आणि तेथील मंडळी जे काम नेमून देईल त्यापलीकडे स्वतःचा कार्यक्रम नेऊ नये. आपल्यापैकी जे अशा दौऱ्यांवर गेले आहेत, किंवा ज्यांच्याकडे बाहेरचे गट येऊन गेले आहेत, त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

गोदातीर (नांदेड)

ताई, लेख मनापासून वाचला. एक प्रश्न स्पष्टपणे विचारतो, राग मानू नये. इतक्या माणसांचे रेल्वेभाडे, बसभाडे, जेवणखाण यांवर जो खर्च झाला, तो सरळ त्या मंडळीला पाठवला असता तर गावातील गवंड्यांना मजुरी मिळाली असती आणि भिंत कदाचित अधिक पक्की झाली असती. आमच्या मंडळीत असाच एक दौरा ठरत आहे आणि वर्गणी मागितली जात आहे. ज्या घरांतून ती मागितली जाते त्यांपैकी काहींच्या मुलांची शाळेची फी थकलेली आहे. अशा वर्गणीचे समर्थन कसे करायचे, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

कुंडलिकाकाठ (जालना)

दादा, राग कसला? हाच प्रश्न आमच्या सभेत सर्वांत आधी निघाला होता. आमच्यापुरते उत्तर देते. वर्गणी मागायची नाही असे आम्ही ठरवले. नोकरी करणाऱ्यांनी आपापला खर्च केला आणि महाविद्यालयातील मुलांसाठी त्यांच्याच घरच्यांनी जमवले. जाळी, तार आणि गावातील दोन गवंड्यांची मजुरी आम्ही दिली, कारण भिंत त्यांच्याच हाताखाली उभी राहिली. आम्ही नसतो तरी ती भिंत झाली असती, याविषयी मला शंका नाही. ज्या घरात फी थकली आहे त्या घराकडून दौऱ्यासाठी पैसे घेणे मला मान्य नाही, आणि आपण ते सभेत उभे राहून सांगावे असे मला वाटते.

शिक्षिकांना शिकवण्याचे काम मात्र पैसे पाठवून झाले नसते. मी शाळेत शिकवते. तेथील मुलींच्या हाती पुस्तके होती, पण एकाच खोलीत चार वर्षांचे पोर आणि चौदा वर्षांचा मुलगा यांना एकत्र कसे सांभाळायचे, हा त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न आपल्या वस्तीशाळांनी वर्षानुवर्षे हाताळला आहे. मोठ्यांना लहानांचे गट वाटून देणे, गोष्ट सांगून झाल्यावर ती मुलांकडून करवून घेणे, फळ्याचे तीन भाग करून तीन वयोगटांचे काम एकाच वेळी लावणे, अशा गोष्टी करून दाखवल्या. त्यांनी त्या लगेच पुढच्या शनिवारी वर्गात वापरल्या, आणि आम्ही मागे बसून पाहिले.

निवृत्त परिचारिका (अंबाजोगाई)

सर्वांना सलाम. मी आयुष्यभर रुग्णालयात काम केले आणि बाहेरून येणाऱ्या वैद्यकीय गटांसोबतही पुष्कळदा राहिले, म्हणून या विषयाची एक बाजू मांडते.

अल्पकालीन दौरा म्हटला की मंडळ्यांना पहिली कल्पना सुचते ती आरोग्य शिबिराची. खेड्यात टेबल मांडायचे, रक्तदाब तपासायचा, पंधरा दिवसांच्या गोळ्या द्यायच्या आणि फोटो काढून निघायचे. रक्तदाब आणि मधुमेह हे जन्माचे सोबती आहेत. सोळाव्या दिवशी त्या माणसाने काय करायचे, हे ठरवल्याशिवाय त्याला पहिली गोळी देणे मला योग्य वाटत नाही. अचानक गोळी बंद झाली की काही औषधांच्या बाबतीत दाब पूर्वीपेक्षा अधिक उसळतो. शिवाय बाहेरच्या गटाने फुकट औषधे वाटली की जवळच्या आरोग्य केंद्रातील परिचारिकेकडे लोक महिनाभर फिरकत नाहीत, आणि गट गेल्यावर तीच बिचारी शिव्या खाते. हे मी मराठवाड्यातही पाहिले आहे.

थोड्या दिवसांत नीट करता येण्यासारखी कामेही आहेत. चाळिशीनंतर जवळचे वाचता न येणाऱ्यांना चष्मे देणे हे त्यांतले एक आहे, कारण त्या चष्म्याला पाठपुराव्याची फारशी गरज नसते आणि दुसऱ्या दिवसापासून ती बाई सुईत दोरा ओवू शकते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मात्र, मागे पाहणारा डॉक्टर तेथेच राहणारा असेल तरच करावी. आणखी एक गोष्ट जाणाऱ्या प्रत्येक डॉक्टर-परिचारिकेने लक्षात ठेवावी. भारतातील नोंदणी नेपाळात चालत नाही. तेथे रुग्ण तपासायचा असेल तर डॉक्टरांना नेपाळ मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी घ्यावी लागते. पासपोर्ट लागत नाही म्हणून परवानाही लागत नाही, असा अनेकांचा समज असतो.

ताईंच्या गटाने शिबिर केले नाही, हे वाचून मला समाधान वाटले.

लातूरकर वकील

कायद्याची बाजू सांगणे आवश्यक आहे, कारण वर विचारलेला "किती जणांना सुवार्ता सांगितली" हा प्रश्न नेपाळात निरुपद्रवी राहत नाही.

नेपाळच्या 2015 च्या राज्यघटनेतील अनुच्छेद 26 धर्मस्वातंत्र्य देतो, परंतु त्याच अनुच्छेदात दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई आहे. ऑगस्ट 2018 पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेच्या कलम 158 नुसार धर्मांतर करणे किंवा त्यासाठी प्रोत्साहन देणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परदेशी व्यक्तीला शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांच्या आत देशाबाहेर पाठवले जाते. भारतीय नागरिकाला सीमा ओलांडताना व्हिसा लागत नसला तरी या कलमाच्या दृष्टीने तोही परदेशीच आहे.

माझी खरी काळजी वेगळी आहे. आपला गट चार दिवसांनी गोरखपूरच्या गाडीत बसतो. आपण समाजमाध्यमांवर टाकलेला प्रार्थनेचा फोटो, खाली लिहिलेले गावाचे नाव आणि उत्साहाच्या भरात लिहिलेली "इतके जीव जिंकले" अशी ओळ तेथेच राहते, आणि तिचा जाब त्या गावातल्या पाळकाला द्यावा लागतो. ताईंनी गावाचे नाव लिहिले नाही, हे अतिशय योग्य केले. प्रत्येक गटाने निघण्यापूर्वीच ठरवावे की तेथील माणसांचे चेहरे, नावे आणि साक्षी त्यांच्या परवानगीशिवाय कोठेही जाणार नाहीत, आणि परवानगी मागतानाही पाहुण्याला नाही म्हणणे त्यांना जड जाते हे ध्यानात ठेवावे.

तरुण संघ (परभणी)

वकीलसाहेबांचे म्हणणे मान्य आहे, पण मी तरुणांच्या बाजूने थोडे बोलतो. हे नको, ते नको असे ऐकून शेवटी कोणीच जाणार नाही अशी मला भीती वाटते. आमच्या संघातील मुले परभणीच्या पुढे फार तर पुण्यापर्यंत नोकरीसाठी जातात. ख्रिस्ती असणे म्हणजे आपल्या वस्तीतील चार घरे, नाताळची फेरी आणि लग्नसमारंभ, इतकेच त्यांनी पाहिलेले असते. दुसऱ्या देशात, दुसऱ्या भाषेत त्याच प्रभूची स्तुती चाललेली पाहणे हा त्यांच्या विश्वासाला मिळणारा मोठा आधार आहे, आणि त्याची किंमत भिंतीच्या हिशोबात मोजू नये. ताई, तुमच्या मुलांवर काय परिणाम झाला, तेही लिहावे.

कुंडलिकाकाठ (जालना)

दादा, आपले म्हणणे अगदी मान्य आहे. एका संध्याकाळी तेथील लोकांनी आम्हांला मराठीत काही म्हणायला सांगितले. आम्ही उपासना संगीतातील ना. वा. टिळकांचा एक अभंग घेतला. दुसऱ्या कडव्याला त्यांच्या मादल (नेपाळी ढोलकी) वाजवणाऱ्या मुलाने आमचा ठेका पकडला आणि मग त्यांनी तो आम्हांला थांबूच दिला नाही. घरी उपासनेत ओठ न हलवणारी आमची काही मुले त्या रात्री घसा बसेपर्यंत गायली. तसेच, तेथील प्रार्थनेत सगळे एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करतात. आपल्याकडे एकाने करायची आणि बाकीच्यांनी आमेन म्हणायचे अशी सवय असल्यामुळे आमची मुले पहिल्यांदा बावरली. निघण्याच्या वेळेपर्यंत त्यांतील दोघे-तिघे मनमोकळे प्रार्थना करू लागले होते.

आणि एका गोष्टीने आमची मुले सर्वांत जास्त हलली. गावातील एक म्हातारे गृहस्थ वारले होते, आणि त्यांना कोठे पुरायचे यावरून त्या कुटुंबाला दोन दिवस हिंडावे लागले होते. काठमांडू खोऱ्यात तर दफनभूमीचा प्रश्न फारच कठीण आहे असे त्यांनी सांगितले. आपल्याकडे जुन्या मिशनने घेतलेली ख्रिस्ती दफनभूमी कित्येक तालुक्यांच्या गावी आहे, आणि आपण तिच्या कुंपणाची डागडुजीही टाळतो. परतल्यावर आमच्या मुलांनी कोणी न सांगता जालन्यातील दफनभूमीतील काटेरी झुडपे तोडायला सुरुवात केली आहे. दर शनिवारी ती तेथे जातात.

बेथेल परिसर

जालन्याचा विषय निघाला आहे म्हणून एक आठवण नोंदवतो. बाहेरून येणाऱ्यांची वाट पाहण्याची सवय आपल्याला नंतर लागली, मुळात ती आपली नव्हती. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे स्वतः मराठी माणूस होते, 1843 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि निजामाच्या राज्यात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवण्याचे काम त्यांच्या पुढाकाराने झाले. 1873 साली न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत ते बोलले होते. निधी परदेशातून येत होता हे खरे आहे, पण गाव कसे वसवायचे, शेती कोणाला द्यायची, विहीर कोठे खोदायची हे ठरवणारा माणूस येथला होता. तेव्हा पाल्प्यात जे दिसले ते आपल्याला अगदीच अनोळखी नसावे.

वाळूजवासी (छत्रपती संभाजीनगर)

मी वाळूजच्या कारखान्यात काम करतो. आमच्या फाटकावरचा रात्रपाळीचा पहारेकरी नेपाळचा आहे आणि बजाजनगरच्या चायनीज गाड्यांवर काम करणारी पुष्कळ मुलेही तिकडचीच आहेत. ताईंनी लिहिलेली ती रिकामी पुरुषांची बाजू, तीच माणसे येथे आपल्या दारात उभी आहेत. हा धागा वाचल्यावर मी त्या पहारेकऱ्याला पहिल्यांदा त्याच्या गावाविषयी विचारले. तो ख्रिस्ती नाही, पण त्याची बहीण आहे. पगारातून खोलीभाडे कापले जाते, आजारी पडला तर पगार मिळत नाही, आणि गावी पैसे पाठवायचे म्हटले तर बँकेत कोणते कागद लागतात हे त्याला कोणी सांगत नाही. तो माझ्यासोबत बँकेत येणार आहे. दौऱ्याला जाऊ शकत नसलेल्या मंडळ्यांना असे काम घरबसल्या करता येईल.

कुंडलिकाकाठ (जालना)

वाळूजवासी दादा, आपण लिहिलेले मी आमच्या तरुण संघात आज वाचून दाखवले. त्या मंडळीचे एक सेवक पुण्यात हॉटेलच्या स्वयंपाकघरात कित्येक वर्षे होते आणि आमच्याशी मराठीत बोलत होते. पुण्यात असताना कोणत्याही मंडळीत त्यांना कोणी "बसा" म्हटले नाही असे नाही, पण कोणी घरी बोलावले नाही, हेही त्यांनी तेवढ्याच शांतपणे सांगितले.

आता एक मदत हवी आहे. निघताना आम्ही त्यांना विचारले की पुढच्या वर्षी गट पाठवायचा का. त्यांनी आपसांत बोलून उत्तर दिले की गट नको, त्याऐवजी त्यांच्या दोन मुलींना मराठवाड्यात परिचारिकेचे शिक्षण घेता येईल का ते पाहावे. मुली बारावी विज्ञान झालेल्या आहेत आणि हिंदी चांगले बोलतात. सिस्टर, आपण या क्षेत्रातल्या आहात, काय करावे ते सुचवा.

निवृत्त परिचारिका (अंबाजोगाई)

बाई, प्रवेशाची घाई करू नका. पहिले काम म्हणजे, ज्या महाविद्यालयाचा विचार कराल त्याची पदवी नेपाळ नर्सिंग कौन्सिल मान्य करते का, हे लेखी विचारून घ्या, नाहीतर चार वर्षे शिकून मुली परत जातील आणि त्यांना तानसेनच्या दवाखान्यातही नोकरी करता येणार नाही. कौन्सिलला पत्र त्या मुलींच्या पाळकांनी तेथूनच पाठवावे, म्हणजे उत्तर लवकर मिळते. दुसरे, बारावीच्या गुणपत्रकाची समकक्षता येथे दाखवावी लागेल, त्याची तयारी आत्तापासून करा. राहण्याचा प्रश्न मनातून काढून टाका. माझ्या घरी दोन खोल्या रिकाम्या आहेत, आणि अंबाजोगाईत प्रवेश मिळाला तर त्या मुली माझ्याकडे राहतील. मला त्यांच्या गुणपत्रकांच्या प्रती पाठवा, उद्या जुन्या सहकाऱ्यांना विचारते.